पहिला शब्द कोणाचा? पोलीस प्रवक्ता आणि आपण

वस्तीवर हल्ला झाला, मोर्चावर गोळीबार झाला किंवा कोठडीत माणूस मेला की महाराष्ट्राला त्याची पहिली बातमी कोण देते? ज्याच्यावर हल्ला झाला तो दवाखान्यात असतो. ज्याचा मुलगा मेला ती आई शवागाराच्या दारात बसलेली असते. कार्यकर्ते पोलीस ठाण्याच्या बाहेर गुन्हा दाखल व्हावा म्हणून भांडत असतात. आणि त्याच वेळी पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जनसंपर्क कक्षातून एक प्रेसनोट पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्यातल्या बहुतेक वर्तमानपत्रांत तीच प्रेसनोट, थोड्या फार फरकाने, बातमी म्हणून छापून येते. लोक चहा पीत ती वाचतात आणि घटना काय घडली याचे त्यांचे मत तिथेच तयार होते.

म्हणून आज आम्हाला पोलीस प्रवक्त्याबद्दल बोलायचे आहे. मुंबईसारख्या आयुक्तालयात हे काम उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा सहायक निरीक्षक किंवा उपनिरीक्षक जनसंपर्क अधिकारी म्हणून ते सांभाळतो. पद लहान दिसते. पण अत्याचाराच्या प्रकरणात न्यायाच्या वाटेवरचा पहिला दगड तोच ठेवतो, आणि तो दगड वाटेत बसतो की वाटेखाली बसतो यावर पुढचे बरेच काही ठरते.

आम्ही गेली अनेक वर्षे मराठवाड्यात अत्याचारग्रस्त कुटुंबांसोबत काम करतो. या काळात शेकडो प्रेसनोट वाचल्या. वाचता वाचता लक्षात आले की या प्रेसनोटची एक स्वतंत्र मराठी आहे. तिच्यात लाठीमार नेहमी ‘सौम्य’ असतो. बळाचा वापर नेहमी ‘किमान’ असतो. भांडणाचे कारण नेहमी ‘किरकोळ’ असते. हल्ला ‘जुन्या वादातून’ होतो. वस्तीत घुसून दारे तोडली तर ते ‘कोम्बिंग ऑपरेशन’ असते. रस्त्यावर उतरलेली आपली पोरे ‘समाजकंटक’ असतात. शेवटी ‘परिस्थिती नियंत्रणात असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये’ हे वाक्य असतेच. या सगळ्या शब्दांत एक शब्द मात्र हमखास गायब असतो, तो म्हणजे जात.

एक अनुभव सांगतो. एका गावात गायरान जमिनीवर दोन पिढ्यांपासून पेरणी करणारे आपले एक कुटुंब आहे. गायरानाचा प्रश्न मराठवाड्यात नवा नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून आपले लोक त्यासाठी तुरुंगात गेले आहेत. त्या कुटुंबाच्या उभ्या पिकात जनावरे सोडली गेली. जाब विचारायला गेलेल्या नवरा-बायकोला आणि त्यांच्या दोन मुलांना जातीवाचक शिवीगाळ करून काठ्यांनी मारले. बाईचा हात मोडला. तक्रार घेण्यासाठी आम्हाला रात्री दोन वाजेपर्यंत ठाण्यात बसावे लागले. सकाळी पेपर उघडला तर बातमी होती, ‘शेतीच्या जुन्या वादातून दोन गटांत हाणामारी, परस्परविरोधी गुन्हे दाखल’. दवाखान्यात त्या बाईंना आम्ही बातमी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “भाऊ, आमी घरची चार मानसं. आमचा गट कवा झाला?”

या प्रश्नाचे उत्तर प्रेसनोट लिहिणाऱ्याने द्यायला हवे होते. कारण ‘दोन गट’ हे दोन शब्द लिहिले की मारणारा आणि मार खाणारा एका ओळीत उभे राहतात. अख्खे गाव एका बाजूला आणि चार माणसांचे घर दुसऱ्या बाजूला, तरी तराजू समान! आणि हे शब्द नुसते कागदावर राहिले नाहीत. आरोपींच्या जामीन अर्जाला त्याच बातमीचे कात्रण जोडले गेले. तहसील कार्यालयात गायरानाचा विषय काढला की कारकून म्हणू लागला, ‘ते गटबाजीचे प्रकरण ना?’ अ‍ॅट्रॉसिटीची कलमे चार दिवसांनी लागली, ती बातमी मात्र कुठेच आली नाही. पहिली बातमी ज्या ग्रुपवर पडली होती त्या ग्रुपवर दुरुस्ती कधीच पडली नाही.

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९६७ सालचा एक निबंध वाचला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की कोणत्याही उतरंडीच्या व्यवस्थेत वरच्या माणसाचे सांगणे आपोआप खरे धरले जाते आणि खालच्याला आपले सांगणे सिद्ध करावे लागते. विश्वासार्हतेचीसुद्धा उतरंड असते. हे वाचताना आम्हाला फार नवल वाटले नाही. जातिव्यवस्थेत जन्मलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पाटलाचा शब्द आणि महाराची साक्ष यांचे वजन या देशात कधी सारखे नव्हते. संविधानाने कायद्यापुढे समानता दिली, पण बातमीपुढे समानता कोण देणार? पोलीस ‘सांगतात’ आणि पीडित ‘आरोप करतात’, ही वर्तमानपत्रांची रोजची क्रियापदे बघा. उतरंड तिथेच दिसते.

आता मोठ्या घटनांकडे येऊ. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापलेले लोक महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मेली. गोळीबाराचे समर्थन काय होते? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, मोठा अनर्थ टळला! हा टँकर पुढे कित्येक वर्षे रमाबाई नगरच्या माणसांच्या मागे लागला. मेलेली माणसे जणू मुंबई जाळायला निघाली होती. न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणारा उपनिरीक्षक मनोहर कदम याला सत्र न्यायालयाने २००९ साली दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून तो जामिनावर बाहेर आला. टँकरची गोष्ट सांगायला एक दिवस लागला, ती न्यायालयात खोडायला जवळपास बारा वर्षे. या बारा वर्षांत ती खरी मानून बसलेल्यांपैकी किती जणांनी निकाल वाचला असेल?

परभणीचे उदाहरण तर अजून ओले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांमध्ये धरपकड. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता, वडार समाजातला, वय ३५. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. पहिली माहिती काय आली? छातीत दुखू लागले, हृदयविकाराचा झटका आला. मग शवविच्छेदनाचा अहवाल आला, त्यात शरीरावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण होते. तरीही नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी मारहाण झाली नसल्याचे आणि त्याला श्वसनाचा आजार असल्याचे सांगितले. सोमनाथच्या आईने मदतीचा धनादेश नाकारला आणि न्यायालयाची पायरी चढली. ॲड. प्रकाश आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही तो आदेश कायम राहिला.

नीट बघा. ‘छातीत दुखू लागले’ हे वाक्य उच्चारायला कुणाची परवानगी लागली नाही, पुरावा लागला नाही, प्रतिज्ञापत्र लागले नाही. ‘त्याला मारले’ हे वाक्य नुसते गुन्हा म्हणून नोंदवून घ्यायला एका आईला दोन न्यायालये चढावी लागली.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे कुणी समजू नये. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून ठेवला आणि तो मेला. त्या रात्री तिथल्या पोलीस खात्याने काढलेल्या पहिल्या निवेदनाचा मथळा होता, पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू. त्यात संशयिताने प्रतिकार केल्याचे होते, त्याला बेड्या घातल्याचे होते, त्याची प्रकृती बिघडल्याचे दिसल्याचे होते. गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. सतरा वर्षांच्या एका मुलीने, डार्नेला फ्रेझियरने, मोबाईलवर ते सगळे चित्रित केले नसते तर जगाने ‘वैद्यकीय घटना’ हीच बातमी वाचली असती. पुढे पुलित्झर मंडळाने तिचा विशेष गौरव केला. मिनियापोलिसची ‘वैद्यकीय घटना’ आणि परभणीचे ‘छातीत दुखणे’ या दोन वाक्यांत हजारो मैलांचे अंतर आहे, पण व्याकरण एकच आहे. दोन्हीकडे कर्ताच नाही. माणूस मरतो, त्याला कुणी मारत नाही.

इथे मूळ मुद्दा येतो. पोलीस प्रवक्ता वाईट माणूस असतो असे आमचे म्हणणे नाही. आम्ही असे अधिकारी पाहिले आहेत जे रात्री फोन उचलतात, माहिती नीट देतात, त्यांच्यात आपल्या समाजातलेही आहेत. अडचण माणसाची नाही, रचनेची आहे. प्रवक्ता घटनास्थळी नसतो. ज्या ठाण्याची घटना, तिथल्याच अधिकाऱ्याने दिलेली माहिती तो पुढे देतो. त्याची बदली, त्याचा गोपनीय अहवाल, त्याची बढती हे सारे त्याच खात्याच्या हातात असते. चोरी झाली, अपघात झाला, तिथे हे चालून जाते, कारण तिथे खाते त्रयस्थ असते. पण जिथे खात्यावरच आरोप आहे, तिथे प्रवक्ता हा माहिती देणारा राहत नाही, तो एका पक्षाचा वकील होतो. फरक एवढाच की वकिलासमोर दुसरा वकील असतो आणि वर न्यायाधीश असतो. प्रवक्त्यासमोर फक्त माईक असतात.

यावर नियम नाहीत का? आहेत. केंद्रीय गृहमंत्रालयाने १ एप्रिल २०१० रोजी पोलिसांच्या माध्यम धोरणाबाबत सर्व राज्यांना सूचना पाठवली. फक्त नेमलेल्या अधिकाऱ्यानेच बोलावे, आवश्यक तेवढी वस्तुस्थितीच सांगावी, मतप्रदर्शन आणि निवाडा करू नये, अटक केलेल्या माणसाची माध्यमांसमोर धिंड काढू नये, आरोपी आणि पीडित दोघांच्याही हक्कांचा मान ठेवावा, असे त्यात आहे. गुन्हा नोंद, अटक, दोषारोपपत्र आणि अंतिम निकाल हे माहिती देण्याचे टप्पे सांगितले आहेत. शेवटच्या टप्प्याकडे लक्ष द्या, अंतिम निकाल! अटकेच्या दिवशी बुरखा घातलेल्या पोरांना मध्ये बसवून मागे रांगेत उभे राहिलेले अधिकारी आपण रोज पाहतो. निर्दोष सुटकेच्या दिवसाची प्रेसनोट आमच्या हातात आजवर एकदाही पडलेली नाही.

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष सोडले. फाशीच्या शिक्षेखाली, सोळा वर्षे तुरुंगात काढल्यावर! त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश दिला. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटात पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांना २०१६ साली न्यायालयाने आरोपमुक्त केले. ‘आरोपी जेरबंद’ हा मथळा ज्यांच्या नशिबी येतो त्यांत आपण, भटके-विमुक्त, आदिवासी आणि मुसलमान इतके का असतो, याचा विचार या खात्याने करायला नको का?

नियम मोडणारे फक्त खालचे अंमलदार असतात असेही नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१८ रोजी राज्याच्या अतिरिक्त पोलीस महासंचालकांनी पत्रकार परिषद घेऊन तपासातली पत्रे वाचून दाखवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते, अटकेतल्यांवर दोषारोपपत्रही यायचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने अशी परिषद घेतलीच कशी असा प्रश्न विचारला. सर्वोच्च न्यायालयात न्या. चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात पोलिसांच्या या वर्तनावर कडक शब्दांत टीका केली. पण तोपर्यंत ‘शहरी नक्षल’ हा शब्द घराघरांत पोचला होता. पुढे याच प्रकरणात डॉ. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी शरण जावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माध्यमांना माहिती देण्याबाबत नवी नियमावली तयार करा असे गृहमंत्रालयाला सांगितले. म्हणजे २०१० ची सूचना कागदावर राहिली हे न्यायालयालाही दिसत होते.

कुणी म्हणेल, मग काय पोलिसांनी बोलूच नये? उलट. आमचे म्हणणे आहे की पोलिसांनी जास्त बोलावे, वेळेवर बोलावे आणि आपल्या वस्त्यांपर्यंत येऊन बोलावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेने पाच माणसे खाल्ली. त्या आठवड्यात प्रत्येक आठवडी बाजारात, तिथल्या बोलीत, पोलिसांचा विश्वासू आवाज पोचला असता तर? अफवा थांबवायला प्रवक्ता लागतोच. पण ज्याने वर्षभर ‘सौम्य लाठीमार’ सांगितला, त्याच्या ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ या वाक्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? विश्वास ही ट्विटरवरच्या चटकदार विनोदांनी मिळणारी गोष्ट नाही. ती खरे बोलून, आणि चुकले तर चुकले म्हणून, मिळते.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा सांगितली. आम्ही बौद्ध म्हणून ती केवळ विहारात बसून म्हणण्याची गोष्ट मानत नाही. खोटे न बोलणे, फूट पाडणारे न बोलणे, कठोर न बोलणे, वायफळ न बोलणे, हे शासनाच्या वाणीलाही लागू व्हायला हवे. आणि शासनाची वाणी धर्माने नाही, कायद्याने बांधायची असते. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

पहिली, जिथे पोलिसांवरच आरोप आहे, म्हणजे कोठडीतला मृत्यू, गोळीबार, वस्तीतली मारहाण, तिथे पोलीस प्रवक्त्याने मृत्यूचे कारण किंवा घटनेचा हेतू सांगू नये. घटना कधी, कुठे झाली, चौकशी कोणाकडे आहे आणि नातेवाइकांनी कुठे जायचे एवढेच सांगावे. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची हे कायद्यात आहेच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. मग चौकशीआधी कारण जाहीर करण्याचा अधिकार पोलिसांना कोणी दिला?

दुसरी, माईकच्या आधी पीडिताला माहिती द्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कलम १५ अ प्रमाणे गुन्ह्याची प्रत मोफत मिळणे आणि तपासाची स्थिती कळणे हा पीडिताचा हक्क आहे. आपल्या प्रकरणाची माहिती पेपरातून मिळावी अशी वेळ कुणावर येऊ नये.

तिसरी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक अधिकारी नेमून अटक केलेल्यांची नावे-पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप दर्शनी फलकावर लावायचे आहे. आमच्या दृष्टीने खरा प्रवक्ता हा फलक आहे. रात्री उचलून नेलेल्या पोराची आई पाच ठाणी फिरते तेव्हा तिला पत्रकार परिषद नको असते, फलकावर नाव हवे असते.

चौथी, प्रत्येक प्रेसनोट तारखेसह पोलिसांच्या संकेतस्थळावर कायम राहिली पाहिजे, आणि तपासात किंवा न्यायालयात ती खोटी ठरली तर दुरुस्ती त्याच ग्रुपवर, त्याच नावाने गेली पाहिजे.

आणि आपण काय करायचे? २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर महाडात हल्ला झाला. त्या हल्ल्याच्या मुळाशीही एक अफवाच होती, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार म्हणून. बाबासाहेबांनी दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि महाडात काय घडले ते आपल्या बाजूने लिहून काढले. त्याआधी १९२० साली ‘मूकनायक’ काढले होते. आपली बाजू दुसरे कोणी मांडेल याची वाट त्यांनी पाहिली नाही.

तोच धडा घेऊन आम्ही आता प्रत्येक प्रकरणात एक काम ठरवून करतो. तक्रार दाखल झाली की ठाण्याच्या आवारातच एक पानाचे निवेदन लिहितो. कोण, कुठे, किती वाजता, कोणी मारले, जखमा कुठे, कलमे कोणती, कोणती लागायची राहिली. विशेषणे नाहीत, घोषणा नाहीत. पीडिताची ओळख उघड करायची नसेल तर नाव नाही. पीडिताला ते वाचून दाखवतो, त्याची संमती घेतो आणि पोलिसांच्या प्रेसनोटच्या आधी पत्रकारांना पाठवतो. सगळेच छापत नाहीत. पण गेल्या काही प्रकरणांत ‘दोन गट’ हे शब्द छापून आले नाहीत. एका तरुण पत्रकाराने तर फोन करून विचारले, ‘पोलिसांची नोट आली आहे, तुमची कधी येते?’

तालुक्या-तालुक्यात असा एक तरी कार्यकर्ता तयार झाला पाहिजे, ज्याला कलमे माहीत आहेत, ज्याला स्वच्छ मराठी लिहिता येते आणि जो रात्री दोनला ठाण्यात जागा असतो. ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी आमच्याकडे यावे, आम्ही बसून शिकवू.

जय भीम! जय संविधान!